वेलकम बॅक, मॅम!

तुमचा रंग कोणता?

नाही, होळीचा नाही विचारत. विमानातला विचारतेय. निळा, चंदेरी, सोनेरी की डायरेक्ट प्लॅटिनम? एअरपोर्टवर तुमचं गाव, शिक्षण, आडनाव कोणी विचारत नाही, तिथे फक्त रंग बघतात. त्या रंगावर ठरतं, तुम्ही कुठल्या लाइनीत उभे राहणार, कॉफी कुठे पिणार आणि तुमची बॅग बेल्टवर पहिली येणार की तुम्ही सगळ्यात शेवटी, रिकाम्या बेल्टकडे बघत, देवाचं नाव घेत बसणार.

आमच्या हिंजवडीच्या ऑफिसात लंच टेबलवर पूर्वी गाड्यांच्या गप्पा चालायच्या. आता कार्डांच्या चालतात. "माझं सिल्व्हर आहे," असं कोणी म्हटलं की टेबलावर दोन सेकंद शांतता. त्यात सहानुभूती असते. एखाद्याची सगाई मोडल्यावर असते तशी. आणि प्लॅटिनमवाला? तो बोलतच नाही. त्याच्या लॅपटॉप बॅगेला लटकणारा टॅगच बोलतो.

मी गोल्ड आहे. म्हणजे होते. ते कसं, ते पुढे सांगते. कुठल्या कंपनीचं कार्ड, ते मात्र सांगणार नाही. कारण पुढे त्या कंपनीबद्दल दोन शब्द बोलायचेत आणि ते फार गोड नाहीत.

आधी जरा इतिहास. घाबरू नका, परीक्षा नाहीये. अमेरिकेत १९७८ साली विमान कंपन्यांवरचे सरकारी निर्बंध उठले. तिकिटांचे दर, रूट, सगळं मोकळं झालं. मग प्रत्येकाला प्रश्न पडला, की रोजचं गिऱ्हाईक दुसऱ्याच्या दुकानात जाऊ नये म्हणून करायचं काय? अमेरिकन एअरलाइन्सने १ मे १९८१ला 'एअॅडव्हांटेज' नावाचा प्रोग्रॅम काढला. जेवढे मैल उडाल तेवढे पॉइंट्स, आणि पॉइंट्स साठले की तिकीट फुकट. काही दिवसांतच युनायटेडनेही आपला काढला आणि मग सगळ्यांनीच. तारीख लक्षात घ्या, १ मे. कामगार दिन! नोकरदार माणसाला आणखी नोकरीसाठी पळवणारी स्कीम त्याच दिवशी निघावी, याला म्हणतात टायमिंग.

आपल्याकडे तेव्हा असल्या भानगडीची गरजच नव्हती. १९५३ला विमान कंपन्यांचं राष्ट्रीयीकरण झालं, त्यानंतर कितीतरी वर्षं परदेशी जायचं तर एअर इंडिया आणि देशात फिरायचं तर इंडियन एअरलाइन्स. दुकान एकच, तर गिऱ्हाईक जाणार कुठे? मग नव्वदच्या दशकात दारं उघडली. जेट एअरवेज १९९३च्या मे महिन्यात उडायला लागली आणि 'सर्व्हिस' हा शब्द आपल्या कानांवर पडायला लागला. २००३मध्ये एअर डेक्कनने स्वस्त तिकिटं आणली आणि ज्यांनी विमान फक्त गच्चीवरून पाहिलं होतं ते आत बसायला लागले. २००५मध्ये किंगफिशर आली आणि प्रत्येक सीटसमोर स्क्रीन आला. २००६मध्ये इंडिगो आली. तिच्याकडे ना स्क्रीन, ना फुकट जेवण. तिचं म्हणणं एकच, वेळेवर पोचवू.

मी नोकरीला लागले ती याच काळात. आमचे सीनियर्स तेव्हा एअरलाइन्सबद्दल असे बोलायचे जसे आमचे आजोबा नाटक कंपन्यांबद्दल बोलायचे. कुणाचं जेवण, कुणाची आदब, कुणाचा पडदा वेळेवर उघडतो. 'जेटप्रिव्हिलेज'चं कार्ड वॉलेटमध्ये वरच्या कप्प्यात, पॅन कार्डच्याही वर.

आता या गोष्टीचा पुढचा अंक ऐका. ऑक्टोबर २०१२मध्ये किंगफिशर जमिनीवर आली ती पुन्हा उडालीच नाही. लोकांनी साठवलेले पॉइंट्स गेले. कुठे गेले? जिथे विझलेल्या दिव्याची ज्योत जाते तिथे. जेटचं शेवटचं विमान १७ एप्रिल २०१९च्या रात्री अमृतसरहून मुंबईला निघालं. पण इथे एक गंमत झाली. जेटप्रिव्हिलेज ही वेगळी कंपनी होती आणि तिच्यात इतिहादचा मोठा हिस्सा होता. त्यामुळे विमानं बंद पडली आणि पॉइंट्स शिल्लक राहिले! त्याच वर्षी नोव्हेंबरात प्रोग्रॅमचं नाव बदलून 'इंटरमाइल्स' झालं. म्हणजे नवरा-नवरी गेले आणि आहेराची पाकिटं राहिली. जेटला पुन्हा उडवायचे प्रयत्न पुढे बरीच वर्षं चालले. शेवटी नोव्हेंबर २०२४मध्ये सुप्रीम कोर्टाने कंपनी गुंडाळायचा आदेश दिला. त्याच महिन्यात, १२ तारखेला, विस्तारा एअर इंडियात विलीन झाली आणि तिचे गोल्ड, सिल्व्हर मंडळी महाराजा क्लबात दाखल झाली. लग्नानंतर नाव बदलतं तसं.

मुद्दा कळला ना? तुमच्या वॉलेटमधलं कार्ड सोनेरी असेल, पण ते सोनं नाही. पेढीवर नेऊन मोडता येत नाही. पॉइंटची किंमत कंपनी ठरवते, कधी बदलायची तेही तीच ठरवते, आणि कंपनीच राहिली नाही तर बोलायचं कोणाशी?

बरं, कंपन्या हे सगळं आपल्या प्रेमापोटी करतात असं वाटत असेल तर आणखी एक गोष्ट सांगते. या प्रोग्रॅमचं खरं गणित 'तिकिटाचे पैसे कोण देतं' यात आहे. तिकीट काढतं ऑफिस, पॉइंट्स मिळतात आपल्याला. मग दुसऱ्या कंपनीची फ्लाइट दीड हजारांनी स्वस्त असली तरी आपण ट्रॅव्हल डेस्कला हळूच काय सांगतो? "अगं, ती वेळ जमत नाही गं मला." बॉसच्या खिशातून निघालेले दीड हजार म्हणजे आपल्या खात्यात पडलेले पॉइंट्स. या चलाखीने स्पर्धाच मरते, असं नॉर्वेच्या स्पर्धा आयोगाला वाटलं आणि २००२ साली तिथे देशांतर्गत फ्लाइट्सवर पॉइंट्स द्यायलाच बंदी घातली. ती २०१३मध्ये उठली. आणि २०२०मध्ये, कोविडने जगभरची विमानं जमिनीवर आणली तेव्हा, युनायटेडने कर्जासाठी तारण काय ठेवलं असेल? आपला पॉइंट्सचा प्रोग्रॅम! त्यावर अब्जावधी डॉलर्स उभे राहिले. बँका क्रेडिट कार्डांसाठी पॉइंट्स रोख पैसे मोजून विकत घेतात, त्यामुळे विमानं उभी असली तरी हे दुकान चालूच असतं.

असो. तर माझं कार्ड.

गेल्या मार्चमध्ये मी एक काम केलं. एका रविवारी चहा घेऊन बसले आणि एक्सेल शीट उघडली. वर्षभरात या गोल्ड कार्डाने मला नेमकं दिलं काय? भावना बाजूला, फक्त रुपये. वर्षात ५८ फ्लाइट्स झाल्या होत्या. पुणे-दिल्ली, पुणे-बेंगळुरू आणि मधूनच एखादी नागपूर.

लाउंज: वीस वेळा गेले. पण त्यातल्या आठ वेळा माझ्या साध्या क्रेडिट कार्डावरही आत सोडलंच असतं. राहिल्या बारा. बाहेर कॉफी-सँडविचला साडेतीनशे गेले असते असं धरलं, तर ४,२०० रुपये. (लाउंजच्या दारातली लाइन हल्ली सिक्युरिटीच्या लाइनीपेक्षा मोठी असते, त्याचे पैसे कापले नाहीत. मी उदार आहे.)

जास्तीचं बॅगेज: शून्य. जिला आठवड्याला दोनदा विमान पकडायचंय ती बाई सात किलोच्या केबिन बॅगेत संसार बसवायला शिकते.

पुढची सीट: प्रत्येक वेळी पैसे देऊन घेतली नसती. वीस वेळा घेतली असती, तीनशे रुपयांनी. ६,००० रुपये.

प्रायॉरिटी लाइन: वेब चेक-इन मी घरूनच करते, गेटवर डिजियात्रा चेहरा बघून आत सोडते. आधी बोर्डिंग म्हणाल, तर आधी बसमध्ये चढायचं आणि मागून सगळे येईपर्यंत दांड्याला लटकून उभं राहायचं. शून्य.

अपग्रेड: एकदा. नागपूर-मुंबई. ट्रेमधलं खाणं संपेपर्यंत मुंबई आली. तरी हौसेचे २,५०० रुपये धरले.

पॉइंट्स: त्यावर गोव्याची दोन तिकिटं काढली. टॅक्स भरून जे वाचले ते ९,००० रुपये.

एकूण २१,७०० रुपये.

आता दुसरा कॉलम. हिंजवडी ते लोहगाव हा प्रवास लोहगाव ते बेंगळुरूपेक्षा मोठा असतो, हे पुणेकरांना सांगायला नको. घरचं दार ते हॉटेलचं दार असे एका फेरीचे सहा तास धरले, तर ५८ फ्लाइट्सचे ३४८ तास. म्हणजे साडेचौदा दिवस. अख्खे, रात्रीसकट. २१,७०० भागिले ३४८. तासाला ६२ रुपये. आमच्याकडे पोळ्या करायला येणाऱ्या मावशी तासाला याच्यापेक्षा किती तरी जास्त घेतात, आणि बरोबर घेतात.

तुम्ही म्हणाल, हा हिशेब चुकीचा आहे. उडायचं होतं ते नोकरीसाठी, कार्डासाठी नाही. मग हे २१,७०० वरकमाईच झाले ना? अगदी कबूल. कार्ड नुसतं खिशात पडलेलं असतं तोपर्यंत ते फायद्याचंच असतं. तोट्याची सुरुवात होते ती ३१ मार्च जवळ आला की.

कारण गोल्ड टिकवायला मला चार फ्लाइट्स कमी पडत होत्या. फक्त चार.

आमच्या ऑफिसातला एक प्लॅटिनमवाला यावर उपाय करतो. मार्चच्या रविवारी दिल्लीला जातो आणि त्याच दिवशी परत येतो. दिल्लीत काही काम नाही, एअरपोर्टच्या बाहेर पाऊलही टाकत नाही. पराठा खातो, लाउंजमध्ये डुलकी काढतो, परत. याला म्हणे 'माइलेज रन' म्हणतात. पंढरीला जाऊन कळसाचं दर्शन घेऊन परत फिरतात, त्यातला प्रकार. फक्त इथे कळसही दिसत नाही.

मी भाव बघितले. दोन रविवार, चार फ्लाइट्स, साडेपाच हजाराच्या हिशेबाने २२,००० रुपये. माझ्या एक्सेलने वर्षभराचा फायदा दाखवला होता २१,७००. म्हणजे तीनशे रुपयांचा तोटा, वर दोन रविवार गेले ते वेगळेच. गणित चौथीतल्या पोराला सुटेल इतकं सोपं. नवऱ्याने शीट बघितली आणि म्हणाला, "यात विचार काय करायचाय?"

पण मी विचार करत होते. आठवडाभर. आणि या लेखात मला खरं तर त्याच आठवड्याबद्दल बोलायचंय.

काय आहे, की महिन्यातले दहा-बारा दिवस बाहेर असलं की घरचं जग आपल्याशिवाय चालायला शिकतं. लेकीच्या शाळेच्या व्हॅनवाल्या काकांकडे नवऱ्याचा नंबर आहे, माझा नाही. मैत्रिणीच्या डोहाळजेवणाला मी स्पीकरफोनवर होते, पेढा की बर्फी ते मला ओरडून सांगितलं. आमच्या सोसायटीत नवीन वॉचमन आला. रात्री साडेअकराला मी कॅबमधून उतरले तर त्याने रजिस्टर पुढे केलं, "मॅडम, कोणाकडे जायचंय?" चार वर्षं त्या बिल्डिंगचा हप्ता भरतेय मी!

आणि दुसऱ्या दिवशी सकाळी सहाच्या फ्लाइटमध्ये एक हसरी मुलगी सीटपाशी वाकून, आडनाव घेऊन म्हणते, "वेलकम बॅक, मॅम. तुमची ब्लॅक कॉफी, शुगर नको, बरोबर?"

सांगा, बरं वाटणार नाही? हे बरं वाटणं एक्सेलमध्ये कुठल्या कॉलमात लिहायचं? हातातल्या टॅबवर माझं नाव, रंग आणि कॉफी लिहिलेली असते, हे मला ठाऊक आहे. तरीही. ऑफिसात आपण 'रिसोर्स' असतो, क्लायंटकडे 'व्हेंडर', सोसायटीत ७०३. कुठेतरी आपलं आडनाव नीट उच्चारतात याची किंमत प्रत्येकाने आपापली ठरवावी. आमच्या वयाचे अर्धे लोक ती ठरवूनच माइलेज रनला जातात, त्यांना हसायचं कारण नाही.

माझी किंमत ठरली ती मात्र त्याआधीच्या महिन्यातल्या, फेब्रुवारीतल्या एका रात्री.

दिल्लीहून पुण्याला रात्री नऊ चाळीसची फ्लाइट. आधी अर्धा तास लेट, मग एक तास, मग दोन. शेवटी साडेअकराला सांगितलं, की क्रूची ड्यूटीची वेळ संपली, आता विमान सकाळी सव्वासहाला निघेल. गेटवर एकच गलका. लहान पोरं रडतायत, कोणी व्हिडिओ काढतोय. काउंटरवर एक पंचविशीतला मुलगा, घामेघूम. त्याच्या स्क्रीनवर माझं नाव आलं असणार, कारण गर्दीतून त्याने मलाच हाक मारली, "मॅम, आप इधर आइए. गोल्ड मेंबर्स के लिए होटल अरेंज किया है."

माझ्यापुढे दीड तास लाइनीत उभे होते ते बार्शीकडचे काका-काकू. धोतर, टोपी, काकूंच्या हातात पिशवी. जावई फौजेत, दिल्लीला पोस्टिंग. नात झाली ती बघायला आले होते. येताना रेल्वेने, जाताना मुलाने हौसेने विमानाचं तिकीट काढून दिलं होतं. दोघांचंही पहिलंच विमान. काका मला बाजूला सरून जागा द्यायला लागले, "जावा बाई तुमी म्होरं, तुमास्नी बोलावलंय."

मी विचारलं, "काका, तुम्हाला काय सांगितलं?"

"हितंच बसा म्हनले सकाळपातुर."

काकू हळूच म्हणाल्या, "यांना शुगर हाय. गोळी जेवल्यावर घ्यायची. डबा केला व्हता पोरीनं, पन तो मोठ्या बॅगंत ऱ्हायला, ती बॅग आत गेली." काका मघाशी सँडविचच्या काउंटरपर्यंत जाऊन भाव वाचून परत आले होते. लेकीकडे पोटभर खाल्लंय असं सांगत होते. दुपारी एकला.

आता, एक गोष्ट मला माहीत होती, कारण सतत उडणाऱ्याला ती माहीत असावीच लागते. डीजीसीएचा नियम आहे. अडीच तासांपर्यंतच्या प्रवासाचं विमान दोन तास किंवा जास्त लेट झालं, की वेळेवर चेक-इन केलेल्या प्रवाशांना खाणं-पिणं द्यायचं. रात्री आठ ते पहाटे तीन या वेळात सुटणारं विमान सहा तासांच्या वर लेट होणार असेल, तर राहायची सोय करायची, नेण्याआणण्यासकट. सहा तासांच्या वर उशीर होणार असेल तर दुसरी फ्लाइट किंवा तिकिटाचे पूर्ण पैसे, यातलं काय हवं ते प्रवाशाने निवडायचं. या नियमात रंगाचा उल्लेख नाही. निळ्याला नाही, सोनेरीला नाही. तिकीट आहे ना? बस.

मी तो नियम मोबाइलवर काढला आणि त्या मुलापुढे धरला. भांडले नाही. तोही दुपारपासून उभा होता. त्याला वरून यादीच तशी मिळाली होती, आधी कार्डवाले, मग खोल्या उरल्या तर बाकीचे. मी एवढंच म्हटलं, "होटल सबको मिलना चाहिए ना? और खाना तो अभी चाहिए. अंकल डायबेटिक हैं." त्याने फोन लावला. मग आणखी एक. मागून दोन-तीन कॉलेजची पोरं पुढे आली, त्यांनी तोच नियम आपापल्या मोबाइलवर काढला. वीस मिनिटांत खाण्याची पाकिटं आली. साडेबाराला दोन बसेस आल्या आणि ज्यांना जायचं होतं ते सगळे महिपालपूरच्या एका हॉटेलात पोचले. काका-काकूंची खोली माझ्या शेजारची. दोन खोल्या अगदी सारख्याच होत्या, बरं का. तोच पंखा, तीच टॉवेलची घडी.

सकाळी लोहगावला बेल्टवर त्यांची मोठी बॅग आली. काकूंनी ती तिथेच उघडली, डब्यातली शेंगाची पोळी काढली आणि माझ्या हातावर ठेवली. "खावा. तुमी कंपनीत हाय का विमानाच्या?" मी म्हटलं, "नाही हो काकू." काका म्हणाले, "मग तुमचं कसं ऐकलं त्यांनी?"

हा प्रश्न मला अजून सोडत नाही. त्या मुलाने ऐकलं ते नियमाचं, की माझ्या कार्डाचं? मी निळी असते, किंवा धोतर-टोपीत असते, तर मोबाइल पुढे धरल्यावर त्याने स्क्रीन वाचला असता का? वाचला असता असं मला वाटायला हवंय. खात्री नाही.

पण एक गोष्ट मला त्या रात्री पक्की कळली. एअरलाइनची सर्व्हिस चांगली की वाईट, हे कार्डवाल्याने ठरवूच नये. त्याला बिचाऱ्याला कळणारच नाही. हॉटेलचं किचन जसं मागच्या दाराने जाऊन बघावं, तशी एअरलाइन शेवटच्या रांगेतून बघावी. पहिल्यांदा उडणाऱ्या माणसाला, काही विचारायची भीती वाटणाऱ्या माणसाला, गोंधळाच्या रात्री तिथे कशी वागणूक मिळते, ती खरी सर्व्हिस. बाकी ब्लॅक कॉफी वगैरे डेकोरेशन.

आणि गंमत बघा. आपल्या देशातली सगळ्यात मोठी झालेली एअरलाइन, इंडिगो, तब्बल १८ वर्षं असल्या रंगीत कार्डांशिवाय वाढली. तिचा 'ब्लूचिप' प्रोग्रॅम आला तो २०२४मध्ये. त्याआधी लोक तिच्याकडे गेले ते बहुतेक वेळा वेळेवर पोचत होते म्हणून. आणि डिसेंबर २०२५च्या पहिल्या आठवड्यात, वैमानिकांच्या ड्यूटीच्या नव्या नियमांत वेळापत्रक बसेना, हजारो फ्लाइट्स रद्द झाल्या, तेव्हा लोक चिडले तेही त्याच कारणाने. वेळ पाळणं हेच तिचं गोल्ड कार्ड होतं, आणि ते प्रत्येक सीटला मिळत होतं.

तर ३१ मार्च आला आणि गेला. मी दिल्लीला गेले नाही. त्यातल्या एका रविवारी लेकीला घेऊन सिंहगडावर गेले, पिठलं-भाकरी खाल्ली, दुसऱ्या रविवारी झोपले. वॉचमनशी मात्र ओळख करून घेतली. परभणीचा आहे, पोरगा दहावीला आहे. आता गेट उघडताना म्हणतो, "आलात का ताई?" याचे पॉइंट्स मिळत नाहीत, पण एक्सपायरही होत नाहीत.

तुमच्याकडे कार्ड असेल तर ते फेकून द्या असं मी मुळीच सांगणार नाही. उडायचंच आहे, तर मिळतंय ते घ्या. फक्त चार गोष्टी लक्षात ठेवा.

एक, पॉइंट्स साठवू नका, वापरा. लोणच्यासारखे ते मुरत नाहीत, दुधासारखे नासतात. तिकीट मिळण्याएवढे झाले की आई-बाबांना कुठेतरी पाठवून द्या.

दोन, वर्षातून एकदा एक्सेल उघडा. भावना बाजूला, फक्त रुपये. शेवटच्या चार फ्लाइट्ससाठी खिशातून पैसे घालायची वेळ आली, की थांबा.

तीन, डीजीसीएचे नियम मोबाइलमध्ये ठेवा. तुमच्याकडे कन्फर्म तिकीट आहे, वेळेवर पोचलात, आणि सीट्स जास्त विकल्या म्हणून उतरवलं, तर एका तासाच्या आत दुसरी फ्लाइट न दिल्यास भरपाई द्यावी लागते, वीस हजारांपर्यंत. खराब हवामान वगैरे कंपनीच्या हाताबाहेरचं कारण असेल तर रोख भरपाई मिळत नाही, तिथे उगीच घसा कोरडा करू नका. आणि तिथे कोणी ऐकलं नाही तर सरकारचं 'एअरसेवा' पोर्टल आहे, घरी येऊन तक्रार टाका.

चार, तो नियम स्वतःपुरता वापरून लाउंजमध्ये जाऊ नका. लाइनीत मागे बघा. कोणाची तरी गोळी जेवणानंतरची असते.

एप्रिलमध्ये मला ई-मेल आलं. वर सुंदर सूर्यास्ताचा फोटो, खाली लिहिलेलं, की तुम्ही आता सिल्व्हर, आणि आम्ही तुम्हाला फार मिस करतोय. मी ते नवऱ्याला मोठ्याने वाचून दाखवलं. तो कणीक मळत होता. मान वर न करता म्हणाला, "वर्षभर आम्ही पण करत होतो. आमच्याकडे सूर्यास्ताचा फोटो नव्हता."